शिरोरेषा सरळ, काना वाकडा: लाइन मॅट्रिक्स प्रिंटरचा दोष कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दूध संघाच्या संगणक विभागात तुमच्याकडे एक जुना लाइन मॅट्रिक्स प्रिंटर आहे. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं त्यावर तीन प्रतींत निघतात. महिनाभरापासून बिलातल्या चौकटींच्या उभ्या रेषा करवतीच्या दात्यांसारख्या येतायत, आडव्या मात्र व्यवस्थित आहेत. दुरुस्तीला आलेल्या माणसाने "हॅमर बँक (म्हणजे ठिपके ठोकणाऱ्या छोट्या हातोड्यांची पट्टी) गेली, बदलावी लागेल" असं सांगितलं आणि खर्चाचा आकडा ऐकून वरिष्ठ म्हणतायत की प्रिंटरच मोडीत काढा. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: बँक खरंच गेली आहे का, आणि या यंत्राची रचना मुळात अशी का, की साध्या डॉट मॅट्रिक्ससारखं धावणारं एक हेड न देता अख्खी पट्टीच हलती ठेवली.

मी २७ वर्षं ही यंत्रं उघडतोय, जुळवतोय. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझा पहिला संशय बँकेवर नाही, वेळेवर आहे. हॅमर ज्या क्षणी सुटायला हवा त्या क्षणी सुटतोय का, आणि तो सुटला त्या क्षणी पट्टी जिथे असायला हवी तिथे आहे का, हे आधी पाहायला हवं. यंत्राचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. पट्टीची जागा सांगणारा सेन्सर थेट पट्टीवर आहे की मोटरच्या चाकावर, यावर पुढचं बरंच काही ठरतं. कागदाची जाडी, छपाईचा मोड आणि यंत्र किती चाललंय यावरही. त्यामुळे इथून "अमुक भाग बदला" असं सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण दोष कुठल्या घरात आहे हे ओळखायची रीत सांगता येईल, आणि त्यासाठी तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.

साध्या डॉट मॅट्रिक्समध्ये एका हेडमध्ये ९ किंवा २४ पिना एकाखाली एक बसवलेल्या असतात आणि ते हेड ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतं. ओळ जितकी लांब तितका वेळ जास्त. १३२ अक्षरांची ओळ दहा अक्षरांना एक इंच या हिशेबाने १३.२ इंच होते, म्हणजे जवळजवळ ३३५ मिलिमीटर. एवढं अंतर दर ओळीला कापायचं, टोकाला थांबायचं, पुन्हा वेग घ्यायचा. बिलांचा गठ्ठा मोठा असला की हे हेड तापतं आणि मागे पडतं.

लाइन मॅट्रिक्समध्ये काम वाटून दिलेलं आहे. ओळीच्या पूर्ण रुंदीवर हॅमर कंगव्याच्या दात्यांसारखे ओळीने उभे आहेत आणि प्रत्येकाकडे स्वतःचा छोटा वाफा आहे. कॅलिफोर्नियात १९७४ साली सुरू झालेल्या प्रिंट्रॉनिक्स कंपनीने ही पद्धत बाजारात रुजवली. ४४ हॅमर असले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन अक्षरं येतात, ६६ असले तर दोन. ६६ हॅमरच्या पट्टीला मग फक्त ०.२ इंच, म्हणजे ५ मिलिमीटर सरकलं की पुरे. तेवढ्यात सगळ्या ओळीची ठिपक्यांची एक रांग छापून होते. पट्टी टोकाला जाऊन उलट फिरते तेव्हा कागद एका ठिपक्याएवढा वर सरकतो, आणि परतीच्या वाटेवर दुसरी रांग छापली जाते. ओळ रुंद असो की अरुंद, वेळ तेवढाच लागतो. ही हलणारी पट्टी म्हणजे शटल.

या रचनेचं खरं मोल कळायला त्याआधीची यंत्रं डोळ्यांसमोर आणावी लागतात. ड्रम प्रिंटरमध्ये फिरत्या दंडगोलावर अक्षरं कोरलेली असायची आणि नेमकं अक्षर समोर आलं की हॅमर कागदावर आपटायचा. थोडी जरी वेळ चुकली की अक्षर वर किंवा खाली छापलं जायचं आणि ओळ लाटेसारखी दिसायची. १९५९ च्या आयबीएम १४०३ मध्ये अक्षरांची साखळी आडवी फिरत होती. तिथे वेळ चुकली तर अक्षर डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं आणि डोळ्याला ते फारसं खटकायचं नाही, कारण दोन अक्षरांमधलं अंतर किंचित कमीजास्त झालं तर आपण ते सहज सोडून देतो. दोन्ही प्रकारांत अक्षरं धातूत कोरलेली, त्यामुळे देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या, रफार यांना तिथे फारशी जागाच नव्हती. ठिपक्यांनी छापणाऱ्या यंत्राला लिपीचं बंधन नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं जिस्ट तंत्रज्ञान आलं, तेव्हा मराठी बिलं आणि याद्या कागदावर उतरवायला ठिपक्यांचे प्रिंटर तयारच होते. तुमच्या संघाच्या बिलावर उत्पादकाचं नाव मराठीत येतं त्यामागे हाही एक धागा आहे.

आता हॅमर. बाहेरून वाटतं तसा तो विजेने ढकलला जात नाही. प्रत्येक हॅमर म्हणजे स्प्रिंग-पोलादाची एक पाती आहे. खालचं टोक घट्ट कसलेलं, वरच्या टोकाला ठिपका उमटवणारी कठीण टोकदार पिन. मागे कायमचुंबक आहे आणि तो या पातीला सतत मागे वाकवून धरतो, ताणलेल्या धनुष्यासारखी. चुंबकाच्या टोकांभोवती तारेची कॉइल आहे. कॉइलमधून वीज सोडली की चुंबकाची पकड क्षणभर मारली जाते, पाती सुटते, रिबनवर आणि कागदावर आपटते, कागदामागच्या प्लॅटनवरून, म्हणजे ठोका झेलणाऱ्या कठीण पट्टीवरून, उसळून परत येते आणि चुंबक तिला पुन्हा पकडतो. वीज फक्त खटका सोडते, ठोक्याचं बळ पातीत आधीच साठवलेलं असतं. म्हणूनच ६६ हॅमर वर्षानुवर्षं साधारण एकसारख्या ताकदीने ठोकू शकतात. पातीची जाडी, तिचा वाक आणि चुंबकाची ताकद ही तीन मापं एकदा नीट बसली की ठोका आपोआप नीट बसतो. मला या यंत्रातली ही सगळ्यात सुंदर कल्पना वाटते.

पण पाती सुटून कागदाला टेकेपर्यंत थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात शटल पुढे गेलेलं असतं. हिशेब करून बघा. समजा पट्टी ५ मिलिमीटरचा छपाईचा पल्ला १० मिलिसेकंदांत कापते, म्हणजे दर मिलिसेकंदाला अर्धा मिलिमीटर. समजा हॅमरला पोचायला ०.४ मिलिसेकंद लागतात. तर ठिपका सुटल्या जागेच्या ०.२ मिलिमीटर पुढे पडणार. उजवीकडे जाताना उजवीकडे, डावीकडे येताना डावीकडे. एकाच उभ्या रेषेचे दोन लागोपाठचे ठिपके एकमेकांपासून ०.४ मिलिमीटर लांब जातील. ठिपक्याचा व्यास साधारण तेवढाच असतो. म्हणजे काहीच सुधारणा केली नाही तर सरळ रेषेच्या जागी बुद्धिबळाचा पट दिसेल. म्हणून कंट्रोलर प्रत्येक हॅमर थोडा आधी सोडतो. किती आधी, त्या आकड्याला आपल्याकडे सगळे फेज म्हणतात. हा आकडा चुकला किंवा तो ज्यावर आधारलेला आहे ते यांत्रिक अंतर बदललं की तुमची करवत सुरू होते.

आता तुमचं बिल हातात घ्या आणि उत्पादकाच्या नावाकडे पाहा. साध्या मोडमध्ये शिरोरेषेची ठिपक्यांची रांग एकाच दिशेच्या एका सरकण्यात छापली जाते. शटल डावीकडून येताना छापली असेल तर सगळीच डावीकडून येताना. वेळ चुकली तर ती सगळीच्या सगळी किंचित बाजूला सरकेल, पण सरळच राहील. काना मात्र आठ-नऊ रांगांतून उतरतो: एक ठिपका जाताना, एक येताना, पुन्हा एक जाताना. दिशेशी संबंधित कोणतीही चूक असली तर ती कान्यात दात पाडते आणि शिरोरेषेला शिवतही नाही. उलट एखादा हॅमर कमजोर असेल तर त्याच्या दोन-तीन अक्षरांच्या वाफ्यात शिरोरेषा फिकट पडते किंवा तुटते, आणि कान्यात बिघाड दिसलाच तर तोही तेवढ्याच वाफ्यात. मराठी मजकूर हाच या यंत्राचा उत्तम चाचणी-नमुना आहे. मी तरी कंपनीच्या चाचणीपानाआधी नावांची यादीच छापून पाहतो.

तुम्ही लिहिलंय की आडव्या रेषा चांगल्या आहेत आणि उभ्या सगळ्याच, पानभर, सारख्या दातेरी आहेत. ६६ हॅमर एका महिन्यात एकाच वेळी एकाच प्रमाणात बिघडत नाहीत. सगळ्यांना समान असलेली गोष्ट बिघडली आहे.

अशी समान गोष्ट म्हणजे काय काय असू शकतं, ते एका अनुभवावरून सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात हेच दुखणं होतं. पंधरवड्याची ऊसबिलं अडली होती. आधी येऊन गेलेल्या माणसाने बँक बदलली होती, छपाई दोन दिवस सुधारली आणि पुन्हा दात आले. मी गेलो तेव्हा वीज बंद केली, रिबन काढली, डाव्या हाताने मोटरचं चाक घट्ट धरलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी शटल हलकेच पुढेमागे केलं. चाक जागचं हललं नाही, पण बोटांना बारीकसा "टक" लागला. पुढे टक, मागे टक. डायल गेज लावलं तर ०.२ मिलिमीटरचा खेळ, म्हणजे सैलपणा. चाकापासून शटलला जोडणाऱ्या दांडीच्या टोकाचं बेअरिंग झिजलं होतं. त्या यंत्रात जागा सांगणारा सेन्सर मोटरच्या चाकावर होता, त्यामुळे कंट्रोलरच्या हिशेबात सगळं बरोबर होतं, पट्टी मात्र त्याच्या मागेपुढे रेंगाळत होती. बेअरिंग बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचं होतं. ते बदललं, फेज पुन्हा बसवला, संध्याकाळपर्यंत काना सरळ झाला. आणि जी जुनी बँक "गेली" म्हणून कोपऱ्यात ठेवली होती, ती बसवून पाहिली तर ती ठणठणीत होती. हंगाम तिच्यावरच संपला.

मग नव्या बँकेने दोन दिवस तरी बरं का छापलं होतं? बँक बदलताना फेज नव्याने बसवावा लागतो. त्या माणसाने तो त्या वेळच्या खेळाला साजेसा बसवला, म्हणून चूक झाकली गेली. खेळ वाढला तशी ती पुन्हा उघडी पडली. भाग बदलल्यावर फरक पडला म्हणजे तोच भाग दोषी होता, असं या यंत्रात समजू नका. भाग बदलताना आणखी काय काय हाताळलं गेलं, तेही विचारा.

दोषाची दोन घरं आहेत, वेळेची चूक आणि यांत्रिक सैलपणा, आणि ती वेगळी करायची एक सोपी युक्ती आहे. वेळेची चूक वेगाबरोबर वाढते. हॅमर ०.१ मिलिसेकंद उशिरा पोचतोय असं धरलं, तर शटल जोरात असताना ठिपका जास्त सरकेल, हळू असताना कमी. सैलपणा हे अंतर आहे. ०.२ मिलिमीटरचा खेळ हळू चालतानाही ०.२ च राहतो. बहुतेक यंत्रांत ठिपक्यांची आडवी घनता जास्त असलेला मोड निवडला की शटल हळू होतं, कारण हॅमरला दोन ठोक्यांमध्ये परत येऊन चुंबकाला चिकटायला जो वेळ लागतो तो काही बदलत नाही. तीच यादी जलद मोडमध्ये छापा, मग हळू मोडमध्ये. हळू मोडमध्ये दात लहान झाले तर फेज आणि हॅमरचं अंतर तपासा. तेवढेच राहिले तर बेअरिंग, बुश (दांडा ज्यात सरकतो ती नळी), स्क्रू शोधा. एक सावधगिरी: काही यंत्रं प्रत्येक मोडसाठी वेगळा फेज साठवतात. तो आधी मेनूमध्ये पाहून कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दोन मोडांची तुलना फसवी निघेल.

दातांचा चेहराही बघा. भिंगाखाली रेषा धरली तर वेळेच्या चुकीचे दात एकसारखे दिसतात, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे. सैलपणाचे दात थरथरतात, एक मोठा, एक लहान, कारण प्रत्येक उलट फिरण्यात पट्टी खेळाच्या आत कुठे थांबेल याचा नेम नसतो.

वेळ चुकायची तुमच्याकडची सगळ्यात साधी शक्यता म्हणजे कागदाच्या जाडीचा खटका. तुम्ही तीन प्रतींवर छापता. मधे कुणी सहा प्रतींची कागदपत्रं काढायला खटका मागे घेतला आणि तसाच राहिला, तर प्लॅटन लांब राहतो. हॅमरला जास्त अंतर जावं लागतं, तो पोचेपर्यंत थकलेला असतो, ठिपका फिका आणि उशिरा पडतो. अंतर ०.३ मिलिमीटरने वाढलं तर उशीर साधारण ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. वरच्याच वेगाने दोन्ही दिशा मिळून तो ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा दात आहे, डोळ्याला दिसेल एवढा. शिवाय लांब गेलेला हॅमर परतही उशिरा येतो. चुंबकाने त्याला नीट धरायच्या आत पुढचा हुकूम आला तर तो ठोका अर्धाच बसतो. म्हणून दात आणि एकाआड एक फिके ठिपके असं दोन्ही एकत्र दिसलं की मी आधी खटक्याकडे हात नेतो. यात एक पैसाही लागत नाही.

शटलबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती बहुतेक लोक बघतच नाहीत. वरच्याच हिशेबात पट्टी टोकाला पोचून उलट फिरायला समजा ४ मिलिसेकंद घेते. अर्धा मीटर प्रतिसेकंद या दिशेने, चार मिलिसेकंदांनी तेवढ्याच वेगाने त्या दिशेने. हे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५ पट त्वरण झालं. बँक आणि तिची चौकट मिळून दोन किलो धरली तर सांगाड्यावर ५०० न्यूटनचा, म्हणजे पन्नास किलोच्या आसपासचा धक्का बसतो, सेकंदाला ७० वेळा, एकदा इकडून, एकदा तिकडून. म्हणून चांगल्या यंत्रात तेवढ्याच वजनाचा प्रतिभार बरोबर उलट दिशेने हलत असतो. पट्टी उजवीकडे, तो डावीकडे. दोघांचे धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. या प्रतिभाराचे बुश किंवा जोड झिजले की पूर्ण सांगाडा हलायला लागतो आणि सांगाड्याला धरलेला सेन्सरही त्याच्याबरोबर हलतो. मग फेज कितीही बसवा, टिकणार नाही. तपासायला भारी उपकरण नको. छपाई चालू असताना कॅबिनेटच्या वरच्या कडेवर तळहात ठेवा. बारीक गुणगुण हाताला लागायला हवी, हिसके नकोत. प्रिंटर चाकांवर उभा असेल तर चाकं अडकवलेली आहेत का, चारही पाय जमिनीला टेकलेत का, तेही बघा. फरशी उंचसखल म्हणून एक पाय अधांतरी राहिलेली यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत.

कागदाची हालचाल हे तिसरं घर. कागद फक्त उलट फिरण्याच्या त्या काही मिलिसेकंदांत सरकायला आणि थांबायला हवा. ट्रॅक्टरचा, म्हणजे कागदाच्या कडेच्या भोकांत दाते घालून तो ओढणाऱ्या भागाचा, पट्टा सैल असेल किंवा कागद दोन्ही बाजूंनी फार ताणून लावला असेल, तर छपाई सुरू झाल्यावरही तो थोडा सरकत असतो. मग चूक आडवी नसते, उभी असते: प्रत्येक हॅमरच्या वाफ्याच्या कडेला ठिपके किंचित वर-खाली जातात आणि शिरोरेषा दर दोन अक्षरांनी पायरी घेते. तुमच्याकडे आडव्या रेषा ठीक आहेत, म्हणून हे घर जवळपास सोडून देता येईल. तरी बिलांचा कागद गोदामात दमट जागी ठेवला असेल तर पावसाळ्यात तो दमट होऊन रुंदीत वाढतो आणि दोन ट्रॅक्टरांच्या मधे फुगतो. फुगलेला कागद हॅमरच्या जवळ येतो आणि त्या जागी वेळ पुन्हा बदलते. दात पानाच्या मधे जास्त आणि कडेला कमी असतील तर हे आठवा. पानाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू वाढत जाणारे दात मात्र प्लॅटन तिरका बसल्याची खूण आहे. दोन्ही टोकांना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून अंतर सारखं करून घ्यावं लागतं.

इथवरचं थोडक्यात सांगतो, कारण बरंच बोलून झालं. दोष एकाच वाफ्यात, म्हणजे दोन-तीन अक्षरांत असेल तर तो हॅमर, त्याची कॉइल किंवा तिला वीज सोडणारा ड्रायव्हर. प्रत्येक वाफ्यात सारखाच असेल तर शटल, सेन्सर, फेज किंवा कागदाची चाल. डावीकडून उजवीकडे बदलत जात असेल तर प्लॅटन आणि कागद. हे बघायला मापपट्टी पुरते.

बँक खरंच केव्हा जाते, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर दुरुस्तीच्या माणसावर अन्याय होईल. पाती तुटली तर तेवढा वाफा कोराच राहतो. टोक झिजलं तर ठिपका मोठा आणि पसरट होतो. पाती थकली तर ठोका हलका होतो आणि रिबन बदलूनही तो वाफा फिकाच राहतो. कॉइल जळली तर मीटरने रोध मोजला की शेजारच्या कॉइलशी फरक लगेच कळतो. ठळक काळे पट्टे छापताना सगळीकडेच फिकं येत असेल तर घाबरू नका. शेजारशेजारचे पुष्कळ हॅमर एकदम सुटले की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांत ढवळाढवळ करतात आणि वीजपुरवठ्यावरही ताण येतो. रचनाकारांनी त्यासाठी सुटण्याच्या वेळा थोड्या मागेपुढे ठेवलेल्या असतात, तरी काही फरक राहतोच. पाच-सहा हॅमर गेले असतील आणि बँकेवर कित्येक वर्षांची छपाई झाली असेल तर पूर्ण बँक बदलणं शहाणपणाचं. एखाददुसरा गेला असेल तर पाती सुट्ट्या किंवा छोट्या गटांत मिळतात का, ते विचारा. मिळत असतील तर तेवढ्याच बदला. बदलताना पोलादी पेचकस जपून वापरा. चुंबक तो खेचून घेतो आणि शेजारच्या पिनांवर आपटवतो. टाचणी, स्टेपलरची पिन, कानशीचा कीस काहीही आसपास नको. एकदा आत शिरलेला कीस बाहेर काढणं महाकर्म आहे.

दोन चुका मात्र करू नका, कारण त्यामुळेच चांगल्या बँका मेलेल्या मी पाहिल्या आहेत. पहिली रिबनची. रिबनची शाई केवळ रंग नसते, ती हॅमरच्या टोकांचं वंगणही असते. सुकलेल्या रिबनवर भलतीच शाई ओतून ती पुन्हा चालवली की टोकं कोरडी घासतात आणि सुटलेले धागे रिबन-मास्कच्या, म्हणजे पिना ज्यातून ठोकतात त्या पातळ पत्र्याच्या, भोकांत अडकतात. रिबन थोडी तिरकी धावते ती मुद्दामच तशी ठेवलेली आहे, तिची पूर्ण रुंदी वापरली जावी म्हणून. ती "सरळ" करायला जाऊ नका. दुसरी चूक तेलाची. शटल कचकच करतंय म्हणून बुशवर मशीनचं तेल सोडलं जातं. बरेचसे बुश कोरडेच चालण्यासाठी बनवलेले असतात. तेलावर कागदाची धूळ बसते, तिची खळ होते आणि महिनाभरात शटल जड चालायला लागतं. तुमच्याकडे दुखणं महिनाभरापूर्वी सुरू झालंय. त्याच्या आसपास कुणी "सर्व्हिसिंग" केलं होतं का, आणि तेल सोडलं होतं का, हे ऑपरेटरला जरूर विचारा. व्हॅक्यूम क्लीनर आणि मऊ ब्रश, एवढीच सफाई नियमित करा.

उद्या सकाळी बिलं काढण्याआधी एवढं करा. जाडीचा खटका तीन प्रतींवर आणा आणि एक पान काढा. तेच पान हळू मोडमध्ये काढा. मग एका प्रतीचा साधा कागद लावून, खटका त्याप्रमाणे बदलून, तिसरं पान काढा. प्रत्येक पानावर मोड, खटक्याची जागा आणि मेनूमधला फेजचा आकडा पेनाने लिहा. त्यानंतर वीज बंद करून, प्लग काढून, पाच मिनिटं थांबून, रिबन बाजूला घेऊन चाक धरा आणि शटल बोटांनी हलवून बघा. टक लागतो की नाही, तेवढंच. ती तीन पानं आणि त्या टकचं उत्तर इथे टाका, मॉडेलचं नावही लिहा, म्हणजे नेमकं कुठलं बेअरिंग किंवा कुठला स्क्रू ते सांगता येईल. तोवर बँकेची ऑर्डर देऊ नका.